सिपना नदीचा उन्हाळा

वऱ्हाडच्या उन्हाळ्याची ओळख वाचकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. वैशाख लागला कीं अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळूं लागतो, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्या घरांत चिखलदऱ्याचा बेत ठरूं लागतो. मंडळी मोटारींनीं वर जातात, भीमानें कीचकास मारून ज्या दरींत लोटलें अशी कथा आहे ती दरी पाहतात, गाविलगडचा किल्ला पाहतात, आणि दोन दिवस थंड हवा खाऊन खालीं उतरतात. हें सर्व योग्यच आहे. परंतु त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगास, सागाच्या रानांत, एक नदी उन्हाळाभर आपला जीव मुठींत धरून असते. तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या नदीचें नांव सिपना. सेवानिवृत्तीनंतर दर उन्हाळ्यांत दोन-चार दिवस तिच्या कांठीं घालविण्याचा आमचा परिपाठ आहे, आणि तेथें पाहिलेल्या गोष्टींपैकीं कांहीं येथें सादर करण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा भूगोल. गाविलगडच्या डोंगररांगेवर पडणारें पाणी दोन वाटांनीं जातें. दक्षिणेकडील उतारावरचें पाणी पूर्णेस मिळून अमरावती, अकोला, बुलढाणा अशा मैदानी मुलुखांतून पश्चिमेस जातें. पलीकडच्या अंगाचें पाणी खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार ह्या पांच नद्यांच्या द्वारें तापीस मिळतें. पुढें जळगांव जिल्ह्यांत चांगदेव येथें पूर्णाही तापीस येऊन मिळते, म्हणजे एकाच डोंगरानें वांटून दिलेलें पाणी अखेर एकत्र होतें. तापी ही सूर्यकन्या असें पुराणें सांगतात. महाभारतांत हीच तपती संवरण राजाची राणी आणि कुरूची माता आहे. सूर्याच्या ह्या लेकीला पाणी पुरविणाऱ्या नद्यांवर सूर्याचाच कोप सर्वांत अधिक व्हावा, हा एक चमत्कारच म्हणावयाचा.

'सिपना' हा शब्द कोरकूंचा असून त्या भाषेंत त्याचा अर्थ साग असा आहे. कोरकू भाषा मराठी किंवा हिंदीच्या कुळांतील नव्हे. ती मुंडा कुळांतील, म्हणजे दूर पूर्वेकडील संथाळी आणि मुंडारी ह्यांची बहीण होय. अमरावतीहून परतवाडा सुमारें ५० किलोमीटर. तेथून घाट चढून घटांगवरून सेमाडोह, आणि सेमाडोहच्या पुढें कोलकास. कोलकास येथें वनखात्याचें जुनें विश्रामगृह नदीच्या उंच कांठावर आहे. हा सर्व भाग १९७४ पासून व्याघ्रप्रकल्पांत असल्यामुळें येथें गळ टाकण्यास किंवा जाळें लावण्यास मज्जाव आहे. आमच्यासारख्यास त्याची अडचण नाहीं. आमच्या कुळांत मत्स्याहार नाहीं आणि गळ आम्हीं जन्मांत हातीं धरलेला नाहीं. "अहो, खायचे नाहींत, धरायचे नाहींत, मग त्या माशांची एवढी चौकशी कशाला?" असा प्रश्न आमच्या घरांतून एकदां झालाच. त्या प्रश्नाचें उत्तर ह्या लेखाच्या ओघांत यावें अशी अपेक्षा आहे.

सेमाडोह ह्या नांवांतच ह्या नदीचें मर्म आहे. मार्गशीर्ष-पौषांत सिपना अखंड असते. खडकांवरून खळाळत, मध्येंच संथ होत ती वाहते, आणि पाणी इतकें निवळ असतें कीं हातभर खोलीवरचे गोटे मोजून घ्यावेत. माघ-फाल्गुनांत खळाळाचा आवाज उतरूं लागतो. चैत्रांत एका डोहास दुसऱ्या डोहाशीं जोडणारी पाण्याची दोरी बारीक होत होत तुटते, आणि वैशाखांत नदी म्हणून कांहीं उरत नाहीं. उरतात ते सुटे सुटे डोह. मधल्या पात्रांत तापलेले गोटे, सागाचीं वाळलेलीं पानें आणि कोरडी वाळू. वरवर पाहणारा म्हणेल, नदी आटली. पण नदी आटलेली नसते. तिनें आपला सारा संसार ह्या पांच-पंचवीस डोहांत आवरून घेतलेला असतो. मरळ, वाम, शिंगटा, खडकास चिकटून राहणारे बोटाएवढे मासे, कांसव, खेंकडे, आणि ह्या सर्वांचें अन्न असलेले असंख्य पाणकिडे, अशी सर्व प्रजा पाऊस येईपर्यंत त्या एवढ्याशा जागेंत दाटीवाटीनें राहते. अर्जुन, जांभूळ आणि करंज ह्यांचीं झाडें कांठावर वांकून सावली धरतात, म्हणून पाणी निदान उकळत नाहीं.

सावलीचें महत्त्व येथें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. पाण्यांतील जीवांस जो प्राणवायु लागतो तो पाण्यांत विरघळलेला असतो, आणि पाणी जसजसें तापतें तसतसा तो त्यांत कमी मावतो. १० अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत दर लिटरमागें सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. ३० अंशांस तोच साडेसातांच्या आसपास येतो. उलटपक्षीं, उष्णतेनें माशाचा श्वासोच्छ्वास वाढून त्याची गरज मात्र वाढते. म्हणजे उत्पन्न घटावें आणि त्याच वेळीं खाणारीं तोंडें वाढावींत, असा हा प्रपंच. कांठावरचें एक झाड तोडलें तर त्या डोहाच्या संसारांतून काय गेलें, हें आतां निराळें सांगावयास नको.

आमचा एक पुतण्या कांहीं वर्षें स्कॉटलंडांत नोकरीस होता. तेथें त्यास ट्राउट नांवाच्या माशाच्या शिकारीचा छंद लागला. ह्या छंदाची रीत मोठी विलक्षण आहे. गळास गांडूळ किंवा कणीक न लावतां, पिसें आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी लावावयाची, आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकावयाची कीं माशास ती खरी वाटावी. त्यासाठीं त्या आठवड्यांत, त्या घटकेस, नदींतून कोणता कीटक वर उठत आहे हें आधीं ओळखावें लागतें. खरी माशी तपकिरी असतां खोटी पांढरी टाकली तर मासा ढुंकूनही पाहत नाहीं. सुमारें अठराशें वर्षांपूर्वी ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याचीं पिसें बांधून अशी माशी करीत असल्याचें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या ग्रंथांत, जो ११२९ च्या सुमाराचा समजला जातो, राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे; त्यांत माशांचे तीस-पस्तीस प्रकार आणि त्यांचीं आवडतीं खाद्यें सांगितलीं आहेत. तेव्हां हा अभ्यास केवळ साहेबांचाच, असें समजूं नये.

पुतण्यानें विचारलें, "काका, आपल्या मेळघाटांत ट्राउट नाहीं का?" नाहीं, आणि व्हावयाचा नाहीं. तो थंड पाण्याचा जीव. १२ ते १६ अंशांचें पाणी त्यास मानवतें आणि २५ अंशांच्या वर त्याचे प्राण कंठीं येतात. इंग्रजांनीं तो १९०० च्या सुमारास काश्मिरांत आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरांत आणून वाढविला, पण सातपुड्यांत त्यास थारा नाहीं. मात्र आपल्या नद्यांस स्वतःचा राजा आहे, तो म्हाशीर. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झांक असलेला आणि खळाळाच्या विरुद्ध चढणारा हा मासा. कर्नल साईक्स ह्यांनीं पुण्याच्या मुळा-मुठेंत मिळालेल्या म्हाशीराचें शास्त्रीय वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत त्याची दुसरी जात आढळते. मद्रास इलाख्यांतील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनीं १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांतही म्हाशीरासच मानाचें पान आहे. हा मासा कीटक खातो, खेंकडे खातो, आणि ज्येष्ठांत कांठचें जांभूळ टपकन् पाण्यांत पडलें तर तेंही सोडीत नाहीं.

पुतण्यासह आम्ही एका वैशाखांत कोलकासला राहिलों आणि त्याच्याकडून पाण्यांतील कीटक ओळखण्यास शिकलों. वयाच्या साठीनंतर पुतण्याचा शिष्य होण्यांत आम्हांस मोठी मौज वाटली. डोहाच्या कडेचा एखादा ओला गोटा उलटा करून पाहावा. त्यास चिकटलेले चपटे, सहा पायांचे, शेपटीस दोन-तीन केस असलेले आणि पोटाच्या दोहों बाजूंस पिसांसारखे कल्ले हालविणारे जीव दिसतात; हीं एकदिनी माशीचीं पिलें. हें नांव आमच्या घरच्या मुलांनीं ठेविलें. ह्या कीटकांच्या गणाचें ग्रीक नांवही 'एका दिवसापुरते' अशाच अर्थाचें आहे. दुसऱ्या गोट्यावर वाळूचे कण किंवा पानाचे तुकडे एकास एक चिकटवून केलेली बारीक नळी आढळते. तींत एक अळी राहते. तोंडांतून निघणाऱ्या रेशमानें ती हें घर विणते, आणि जेथें जाईल तेथें तें अंगाबरोबर ओढीत नेते. तिला मुलांनीं घरकरी अळी म्हटलें. खालच्या चिखलांत डासासारख्या पण न चावणाऱ्या माशांच्या तांबड्या अळ्या असतात. त्यांचा तांबडा रंग आपल्या रक्तांतील रंगाच्याच जातीचा आहे, आणि त्यामुळें प्राणवायु अत्यंत कमी असलेल्या पाण्यांतही त्या तग धरतात. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढें त्याचा उपयोग आहे.

पिलांची पाण्यांतील वाढ पुरी झाली म्हणजे पंखांचा काळ येतो, आणि ही घटका बहुधा तिन्हीसांजेची. सूर्य सागांच्या आड गेला, वाऱ्याची झळ थांबली, कीं डोहाच्या पृष्ठावर जणूं कोणी बारीक राख उधळल्याप्रमाणें हालचाल सुरू होते. पाण्यांतील पिलूं वर येतें, त्याची पाठ उकलते, आणि क्षणार्धांत तेथून एक उभ्या पंखांचा नाजूक कीटक बाहेर पडून कांठच्या पानावर जाऊन बसतो. तेथें तो आणखी एकदां कात टाकतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक सृष्टींत हाच एक. मग नरांचे थवे पाण्यावर वर-खालीं, वर-खालीं नाचूं लागतात. माद्या त्यांत येतात, अंडीं पाण्यांत सोडतात, आणि पंख पसरून पाण्यावर पडतात. त्यांस खाण्यास उपयोगी पडेल असें तोंडच नसतें. जें काय खावयाचें तें पाण्यांत असतांनाच खाऊन झालेलें असतें. त्याच वेळीं खालून मासे उठतात. एक वलय, दुसरें वलय, पाहतां पाहतां सारा डोह वलयांनीं भरून जातो. वरून पाकोळ्या येऊन आपला वांटा उचलतात. हें सर्व घटका-दीड घटका चालतें, आणि अंधार पडला कीं पाणी पुन्हा आरशासारखें होतें.

एवढ्या लहान जीवाचें एवढें कौतुक कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर असें कीं, एकदिनी माशी ही नदीची नाडी आहे. तिच्या कल्ल्यांस स्वच्छ आणि प्राणवायुयुक्त पाणी लागतें. पाण्यांत घाण किंवा विष मिसळूं लागलें कीं जे जीव सर्वांआधीं नाहींसे होतात त्यांत ती असते, आणि चिखलांतल्या तांबड्या अळ्या मागें उरतात. म्हणूनच नद्यांची परीक्षा करणारे शास्त्रज्ञ आज अशा कीटकांची गणती करतात. अमेरिकेंतील ईरी सरोवराच्या पश्चिम भागांत ह्या माश्यांचे थवे इतके उठत कीं रस्त्यांवरून त्या फावड्यांनीं ओढाव्या लागत. १९५३ च्या उन्हाळ्यांत तळाच्या पाण्यांतील प्राणवायु संपला आणि ही प्रजा तेथें जवळजवळ नष्ट झाली. पुढें लोकांनीं सरोवरांत जाणारी घाण आंवरली, तेव्हां सुमारें चाळीस वर्षांनीं, १९९० नंतर, त्या परत दिसूं लागल्या. पूर्णेच्या मैदानी भागांतील एका गांवाखालच्या डबक्यावर आम्हीं मागील वर्षी एक सायंकाळ घालविली. तेथेंही तिन्हीसांजेस थवे उठले, पण ते डासांचे. गोटे उलटून पाहिले, तर त्यांखालीं काळा चिखल आणि तांबड्या अळ्या.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. डोहांतला मासा उन्हाळ्यांत पळून जाऊं शकत नाहीं. पूर्वीं रानांतील लोक गेळफळ किंवा हिंगणाची साल कुटून डोहांत टाकीत. त्यानें मासे गुंगून वर येत, लागतील तेवढे उचलीत, आणि तें विष थोड्या वेळांत विरून जाई. आज कांहीं ठिकाणीं दुर्गम ओढ्यांवर कपाशीवर फवारावयाच्या औषधाची बाटली डोहांत रिकामी करतात. हें औषध कीटक मारण्यासाठींच बनविलेलें असतें. तें मासे मारतें, माशांचीं पिलें मारतें, गोट्यांखालचे जीव झाडून मारतें, आणि त्या पाण्यावर आलेलें हरीण किंवा गुरूंही मारतें. हें औषध किती उग्र असतें, हें आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेनें दगावले, तेव्हां सर्वांस कळलें आहे. पाण्यांत विष किंवा सुरुंग घालून मासे मारणें हा १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविला गेला होता; पण रानांतल्या डोहावर दुपारीं पहारा करावयास कोण जातो?

आम्हांस वाट दाखविणारे एक वृद्ध कोरकू गृहस्थ होते. त्यांस आम्हीं ह्याविषयीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, डोह म्हंजे बियाण्याची कोठी. बियाणंच खाल्लं त पेरसान काय?" कृषिप्रधान वऱ्हाडांत याहून नेमकें उत्तर आम्हांस कोठें मिळालें नसतें. मृग लागून पहिला पूर आला म्हणजे सारे डोह पुन्हा एक होतात, आणि प्रत्येक डोहांत वांचलेले जीव नदीभर पसरतात. त्याच सुमारास जमिनींतून पंख फुटलेल्या वाळवीचे लोट उठतात, मृगाचे मखमली किडे बांधावर दिसूं लागतात, आणि मासे पोटभर खाऊन अंडीं घालण्यासाठीं प्रवाहावर चढतात. हें सर्व व्हावयाचें तें डोहांत उरलेल्या बियाण्यावर. एका दिवसाच्या कालवणासाठीं एक डोह मारला, तर नदीचा तेवढा भाग पुढील वर्षी पेरणीवांचून राहतो. आणि असे दहा डोह मेले तर पाणी असूनही नदी पडीक होते.

शतपथब्राह्मणांत मनूची कथा आहे. हात धुतांना ओंजळींत आलेला लहान मासा त्यास म्हणाला, मला सांभाळ, मी तुला तारीन. लहानपणीं मोठे मासे आम्हांस गिळतात. मनूनें त्यास घटांत ठेविलें, मोठा झाल्यावर खड्ड्यांत ठेविलें, त्याहून मोठा झाल्यावर समुद्रांत सोडलें. आणि प्रलय आला तेव्हां त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली. ही कथा आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. वैशाखांतला डोह म्हणजे मनूचा तो घट, हा तिचा अर्थ मात्र सिपनेच्या कांठीं उमगला. मासा ज्यानें खावा त्यानेंच तो सांभाळावा, असें कथेंत कोठेंही म्हटलेलें नाहीं. आमच्या घरांतून झालेल्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

हा लेख वाचून ज्यांस सिपना पाहण्याची इच्छा होईल, त्यांनीं वैशाखाच्या पूर्वार्धांत जावें, वनखात्याची परवानगी आणि राहण्याची सोय आधीं करून घ्यावी, आणि सायंकाळीं विश्रामगृहाजवळच, सेवकांनीं दाखविलेल्या जागीं, स्वस्थ बसावें. रान वाघाचें आहे, हें विसरूं नये. डोहांत साबण लावून स्नान करूं नये, उष्टें-खरकटें व कागद-पिशव्या टाकूं नयेत, आणि कांठचा गोटा उलटून पाहिलाच तर तो होता तसा परत ठेवावा, कारण तें कोणाचें तरी घर आहे. जाणें न जमल्यास आपल्या गांवच्या नाल्यावर मुलांस न्यावें आणि गोट्याखालीं कल्ल्यांचे जीव आहेत कीं नुसत्या तांबड्या अळ्या, हें त्यांनाच पाहूं द्यावें. आणि ज्यांच्या घरीं शेती आहे, त्यांनीं फवारणीचा पंप नाल्यांत धुण्याची चाल बंद करावी; पंप शेतांतच धुवावा, आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या वाहत्या पाण्यापासून दूर ठेवाव्या. मेळघाटांतील नाल्याचें पाणी तापीस जातें, आपल्या मैदानांतील नाल्याचें पूर्णेस. आणि चांगदेवास दोन्हींचा हिशेब एकच होतो.